छावणीतलं खिंडार

खिंडार दिसलं की आयझॅक बर्केटचे हात शिवशिवायचे. वय शहात्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, वाकायचं नाही अशी डॉक्टरची सक्त ताकीद; पण ढासळलेल्या गडग्यापुढून हा माणूस नुसता चालत गेला, असं उत्तर इंग्लंडात, कंब्रियातल्या आमच्या खोऱ्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं. साठ वर्षं त्याने गडगे रचले. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आणि तो असा की वर हातभर बर्फ साचो नाहीतर मेंढी चढो, हलायचं नाव नाही. आमच्याकडे रीतच आहे, खिंडार ज्याला आधी दिसेल त्याने भरायचं. शेत कुणाचं, मेंढ्या कुणाच्या, हे विचारायचं नाही. न भरता जो पुढे जातो त्याच्याबद्दल पबमध्ये लोक हळू आवाजात बोलतात, आणि आमच्या लोकांचा हळू आवाज पलीकडच्या डोंगरावर ऐकू जातो.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी कडाक्याची थंडी पडली आणि मग एकाएकी ऊन आलं. दगडांच्या सांध्यांत मुरलेलं पाणी गोठून फुगलं होतं ते वितळलं, आणि वरच्या शेतातल्या छावणीच्या कोपऱ्याचा दीड-दोन माणसं आडवी निजतील एवढा तुकडा खाली आला. छावणी म्हणजे रोमन पलटणीचा किल्ला. म्हणजे त्याचं जे काही उरलंय ते. कुठे छातीएवढी, कुठे गुडघ्याएवढी भिंत, आत गवत, आणि इथे कोठार होतं, तिथे बराकी होत्या, असं सांगणाऱ्या दोन पाट्या. ही पलटण एवढ्या लांब, एवढ्या पावसात काय करायला आली होती ते तिलाच ठाऊक, पण जागा मात्र तिने हेरून घेतली होती. अख्ख्या शेतीत तेवढीच एक जमीन सपाट आणि कोरडी. पलटणीने खणलेल्या नाल्या अजून पाणी वाहून नेतात. म्हणून आयझॅकची लेक हेस्टर दर एप्रिलमध्ये तिच्या मेंढ्या व्यायला त्याच शेतात सोडायची. दुसरीकडे कोकरू जन्माला आलं तर चिखलात गारठून तासाभरात मरतं.

पडलेला कोपरा तीन आठवडे तसाच होता, कारण कोकरांचा हंगाम येईपर्यंत त्या बाजूला कुणी फिरकत नाही. आयझॅक वर गेला तो पलटणीच्या त्या नाल्या तुंबल्यात का बघायला. हेस्टर दोन दिवसांसाठी मेंढ्यांच्या बाजाराला गेली होती, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं.

त्याने आधी तासभर नुसतं बघितलं. हेही आमच्याकडे शिकवावं लागतं. पडलेल्या दगडांना लगेच हात लावायचा नाही. कोणता कुठे पडलाय, कोणत्या अंगावर पडलाय, ते डोळ्यांत भरून घ्यायचं, म्हणजे तो कुठून आला ते कळतं. बघता बघता आयझॅकच्या कपाळाला आठी पडली.

"अरे लबाडा!" तो मोठ्याने म्हणाला.

हे ज्याला म्हटलं तो मरून अठराशे-एकोणीसशे वर्षं झाली होती. त्या रोमन गड्याने लांब दगड भिंतीच्या तोंडाला आडवे लावले होते. बाहेरून भिंत छान लांबलचक दिसते, दगड कमी लागतात, काम लवकर उरकतं. पण आत पकड काहीच राहत नाही. दगडाची शेपटी, म्हणजे लांबट टोक, भिंतीच्या पोटात गेली पाहिजे, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. आयझॅकने बाह्या सरसावल्या. दोन दिवस तो खपला. गोल कोपरा, म्हणजे कामातलं सगळ्यात अवघड काम. पण प्रत्येक दगड त्याने शेपटी आत घालून बसवला, पोटात बारीक दगडांची भर हाताने एकेक करून भरली, आणि जमेल तिथे शेवाळ चढलेली बाजू आठवणीने बाहेर ठेवली. संध्याकाळी तो मागे सरकून उभा राहिला तेव्हा त्याला स्वतःलाच जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते सांगता आलं नसतं. बायको गेल्यापासून इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं.

हेस्टर परत आली त्या रात्रीच्या जेवणाला मटण-बटाटा होता. आयझॅकने दोनदा वाढून घेतलं.

"आज काय स्वारी खूश आहे," हेस्टर म्हणाली.

"एक खिंडार भरलं तुझं."

"डॅड! गुडघे तुझे आहेत की उसने आणलेत? कुठलं खिंडार?"

"छावणीचं. मागचा कोपरा पडला होता. आता बघ जाऊन, पाडायचा म्हटलं तरी पडायचा नाही."

हेस्टरचा चमचा बशीतच राहिला. पन्नाशीची, दांडग्या हाडाची बाई, भर वादळात डोंगरावरून मेंढी खांद्यावर टाकून आणणारी. पण तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

"तू छावणीच्या दगडांना हात लावलास?"

"हात न लावता कसा रचणार?"

"अरे देवा. डॅड, जमीनमालकांशी केलेल्या करारात स्पष्ट लिहिलंय. छावणीचा एक दगड जरी हलवला तरी ते शेत आपल्याकडून जातं. पुढच्या आठवड्यात पुरातत्त्व खात्याची बाई तपासणीला यायची आहे!"

"हात लावू नका ते त्या पाठीवर पिशव्या घेऊन फिरणाऱ्यांसाठी असतं. ते दगड खिशात घालून नेतात. मी नेला का? मी जागेवर ठेवला."

"पडला ती त्याची जागा. तो पडला तर पडलेला ठेवायचा. असा कायदा आहे."

पडलेला ठेवायचा, हे आयझॅकच्या डोक्यात काही केल्या शिरेना. पण लेकीने जेवण अर्धंच बाजूला सारलं ते त्याने पाहिलं. ते शेत गेलं तर मेंढ्या व्यायच्या कुठे, आणि व्यायल्या नाहीत तर शेती कशाच्या जोरावर टिकणार, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणतो तसं त्याचं झालं.

दुसऱ्या दिवशी शेजारचा टॉट फिअरन आला. हा आयझॅकचा शाळेपासूनचा दोस्त, सल्ला न मागता देण्यात खोऱ्यात पहिला नंबर. तो वर जाऊन कोपरा बघून आला आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "मला नाही दिसलं बुवा काही."

"कसं दिसेल," आयझॅक म्हणाला, "मी केलंय."

"तेच म्हणतो. त्या बाईला तरी काय दिसणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंड बंद ठेव लेका, आयुष्यात एकदा तरी."

"हे तू सांगतोयस?" हेस्टर म्हणाली. पण ती हसली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही. जाताना तिने बापाकडे बघितलं. "डॅड, ती येईल तेव्हा मी बोलेन. तू नुसता उभा राहा. माझ्यासाठी."

आयझॅकने मान डोलावली. लेकीने इतक्या वर्षांत त्याच्याकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट होती.

तपासणीची बाई म्हणजे ओल्वेन प्राइस. वेल्सकडची, चाळिशीच्या आतली, या भागात वर्षभरापूर्वीच बदलून आलेली. बुटांना चिखल लागला तरी खाली न बघणारी बाई होती, हे आयझॅकला तिच्याबद्दल पहिलं आवडलं. तिच्याजवळ तिच्या आधीच्या साहेबाने काढलेले फोटो होते, पण त्यांत तो कोपरा नेच्याच्या झुडपांनी झाकलेला. चौघं भिंतीभोवती फिरले, म्हणजे टॉटही कारण नसताना आला. कोपऱ्याशी आल्यावर ओल्वेन थांबली. पुढे झाली, मागे झाली, मग गुडघ्यावर बसून तिने सांध्यात बोटं घातली.

"मिस बर्केट, हे बघितलंत तुम्ही?"

हेस्टर पुढे आली. "काय झालं?"

"किती सुंदर आहे हे! या पलटणीबद्दल सगळ्यांनी लिहून ठेवलंय की घाईघाईने उरकलेलं काम, कसलीच शिस्त नाही. आणि इथे बघा. प्रत्येक दगडाची शेपटी आत. म्हणजे इथे कुणीतरी उत्तम कारागीर होता. बाकीची भिंत पुन्हा तपासायला हवी. मी यावर लिहिणार आहे."

टॉटने आयझॅकला कोपराने ढोसलं. उत्तम कारागीर! आयझॅकची छाती फुगली. ओल्वेन वहीत भराभरा लिहीत होती. गप्प राहायचं, बस्स. शेत राहतं, मेंढ्या राहतात, लेक सुखाने झोपते. एवढं साधं होतं. पण त्याच्या मनात मात्र तो आडवे दगड लावणारा गडी उभा होता. त्याने जे केलं ते वाईट केलं, पण ते त्याचं होतं. आता पुस्तकात लिहिलं जाणार, की त्याने चांगलं केलं. आणि आयझॅकचं काम, बहुधा आयुष्यातलं शेवटचं, जाणार त्या लबाडाच्या नावावर. दोघांच्याही बाबतीत ते खोटं. त्याने हेस्टरकडे बघितलं. तिने हलकेच मान हलवली, नाही म्हणून.

"बाई," आयझॅक म्हणाला, "ते त्याचं नाही. माझं आहे."

ओल्वेनने वर बघितलं. "काय तुमचं आहे?"

"हा कोपरा. मागच्या आठवड्यात रचला मी. त्याने आडवे लावले होते, म्हणून तर पडला. तुमच्या पुस्तकात लिहिलंय ते बरोबरच आहे."

हेस्टरने डोळे मिटून घेतले. टॉट आभाळाकडे बघायला लागला.

ओल्वेनने वही बंद केली. ती ओरडली नाही, याचंच आयझॅकला जास्त वाईट वाटलं. "मिस्टर बर्केट, हा गुन्हा आहे. तुम्ही चांगल्या मनाने केलं असेल, पण आहे. दगड जसे पडतात त्यावरून आम्ही वाचतो, भिंत कशी होती, कशी बसली. तेवढा एक पुरावा होता आणि तो तुम्ही पुसून टाकलात. हे मला लिहावंच लागेल."

"लिहा. पण पुसलेलं नाही."

"म्हणजे?"

"कुठला दगड कुठे होता ते आहे माझ्याजवळ." त्याने कपाळाला बोट लावलं.

"शंभराच्या वर दगड आहेत हे!"

"एकशे सदतीस. बारीक भर सोडून." त्याने काठीने वरच्या थरातला एक दगड दाखवला. "हा तिथे होता, पालथा. त्याच्या डाव्या अंगाला त्रिकोणी होता तो, अर्धा मातीत. आणि हा लांबडा गडगडत पार त्या काटेरी झाडापाशी."

ओल्वेन त्याने दाखवलेल्या जागी गेली, कारण दुसरं काय करावं हे तिलाही सुचलं नसावं. तिने वाकून गवत बाजूला सारलं. खाली पिवळी पडलेली जागा होती, तीन आठवडे ऊन न मिळालेली, आणि तिचा आकार त्या दगडासारखा होता. शेजारी तसाच एक त्रिकोण. मग ती काटेरी झाडापाशी गेली. तिथून तिने आयझॅककडे बघितलं ते वेगळ्या नजरेने.

"हे गवत आठवड्याभरात हिरवं होईल," ती म्हणाली. "उद्या सकाळी आठला सुरू करू. तुम्ही दगड उतरवून पडले होते तिथे ठेवायचे, मी त्यांचं चित्र काढून घेईन. मला वाटतं तसं नाही, तुम्हाला आठवतं तसं."

"आणि शेत?" हेस्टरने विचारलं.

"ते माझ्या हातात नाही. मी जे घडलं ते लिहीन, सगळं. ठरवतील ते जमीनमालक."

घरी येताना हेस्टर पुढे चालत होती. दारापाशी ती वळली. "एक गोष्ट मागितली होती तुझ्याकडे, डॅड. एक." आणि ती गोठ्यात निघून गेली. आयझॅक बाहेरच्या बाकावर बसून राहिला. लेकीपेक्षा कधीचा मरून गेलेला एक अनोळखी गडी आपल्याला जवळचा झाला का, हे तो स्वतःलाच विचारत राहिला.

स्वतः रचलेलं काही त्याने जन्मात पाडलं नव्हतं. पहिला दगड उतरवताना त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही. ओल्वेन खाली मान घालून चित्र काढत राहिली. दुपारपर्यंत दोघांची लय जमली. तो दगड उचलायचा, चालत जायचा, पिवळ्या जागेवर ठेवायचा, थोडा फिरवायचा, पुन्हा थोडा. ती आकडा टाकायची. मध्येच तो सांगायचा, हा असा का पडला, आणि ती विचारायची, हे तुम्हाला कशावरून कळतं, आणि दोघं वाकून बघायचे.

दुसऱ्या दिवशी आभाळ फुटलं. पावसात गारा, वर वारा. हातमोज्यांतून पाणी शिरून आयझॅकची बोटं लाकडासारखी झाली. पस्तीस-चाळीस दगड उरले होते. एक लांब दगड हातातून निसटून त्याच्या पायापाशी पडला, आणि त्याच्या मनात आलं, राहू दे इथेच. कुणाला कळणार आहे? आडवा टाक आणि चूल गाठ.

तो तसाच उभा राहिला.

"काय झालं?" ओल्वेनने विचारलं.

"काही नाही. त्याला उगाच शिव्या घातल्या मी." त्याने नाक पुसलं. "कुठल्यातरी उन्हाच्या गावचा असेल बिचारा. असल्या गारांत कुणीतरी मागे उभं राहून ओरडत असेल, आटप आटप म्हणून. मीही आडवेच लावले असते."

त्याने तो दगड उचलला आणि जिथला होता तिथे नेऊन ठेवला. एवढ्यात हेस्टर चढावरून येताना दिसली. हातात थर्मास आणि कोरडे हातमोजे. तिने बापाचे ओले मोजे ओढून काढले, बोटं आपल्या तळहातांत धरून चोळली, नवे मोजे चढवले. आणि ती गेली नाही. शेवटचा दगड ठेवून होईपर्यंत ती पावसात उभी राहिली.

एप्रिलचा पूर्ण महिना जमीनमालकांचं पत्र आलं नाही. मेंढ्या छावणीत व्यायल्या, कदाचित शेवटच्या, म्हणून हेस्टर प्रत्येक कोकरू दोनदा पुसायची. पत्र मेच्या पहिल्या आठवड्यात आलं. तिने ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्ची ओढून बसून वाचलं.

"शेत राहतंय," ती म्हणाली.

आयझॅक तिच्यासमोर येऊन बसला.

"त्या बाईने लिहिलंय की नुकसान झालं, पण ज्याने केलं त्यानेच कुणी न विचारता सांगितलं, आणि दगड असे परत ठेवले की तिला तिच्या सगळ्या नोकरीत असं कुणी भेटलं नाही. म्हणून. पण एक अट आहे. ते खिंडार तसंच राहणार, पुरातत्त्व खात्याचे लोक येईपर्यंत. त्याला दहा वर्षंही लागतील. आणि तोवर, आणि त्यानंतरही," तिने त्या ओळीवर बोट ठेवलं, "आयझॅक बर्केटने छावणीच्या कुठल्याही दगडाला कधीही हात लावायचा नाही. तुझी सही मागितलीय."

"पेन दे."

"डॅड, वाच तरी आधी."

"ऐकलं की. दे."

त्याने सही केली. अक्षर वाकडं आलं, पण आलं. मग दोघं कोकरं मोजायला वर गेले. छावणीतून जाणारी पायवाट कोपऱ्याला वळसा घालूनच जाते, दुसरा रस्ता नाही. दगड गवतात पसरले होते, मधून वारा येत होता, आणि एक कोकरू पडलेल्या दगडावर चढून आईला हाका मारत होतं. आयझॅकने मान दुसरीकडे वळवली, पण उजवा हात खिशातून आपोआप बाहेर आला.

हेस्टरने तो हात धरला. मिठाईच्या दुकानापुढून पोराला नेताना धरतात तसा, घट्ट. तिचा हातही त्याच्या हातासारखाच झाला होता, रापलेला, भेगा पडलेला. त्याने इतक्या वर्षांत तो हातात घेऊन कधी पाहिलाच नव्हता.

"चल," ती म्हणाली.

आणि आयझॅक बर्केट खिंडारापुढून चालत गेला.